पोपटी ट्रकची कंबर

परवा माझी नात रेवा मोबाइल घेऊन माझ्या तोंडाशी आली. "आजी, हे बघ, तुझ्या टाइपचं काहीतरी आहे." पडद्यावर गुडगावचा एक पोरगा आपल्या पिकअप ट्रकभोवती फिरत होता. ट्रक जमिनीला टेकायला आलेला, चाकांवर फुगलेल्या भुवया, पुढे खालचा ओठ बाहेर काढलेला, आणि दरवाज्याखाली अंग एकदम आत घेतलेलं. पोरगा तिथं वाकला आणि म्हणाला, "गाइज, ये कमर वाला डिझाइन सीधा जपान से आया है. हवा का पूरा सायन्स है इसमें."

मी हसायला लागले ते चहा नाकात जाईपर्यंत. रेवाला वाटलं ठसका लागला. मी म्हटलं, "बाळ, ती कंबर जपानहून नाही आली. ती फरिदाबादच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये जन्मली. साताऱ्याकडचे एक हवालदार माझ्या कामावर बसले आणि ते काम मोडलं, त्यातून जन्मली."

"आजी यार, हे लिही ना. बिल्कुल लिही."

म्हणून लिहायला बसले. हवालदारांना आधी फोन केला. ते म्हणाले, "लिहा ताई. नाव बदला. पण पाय कुठला ते बदलू नका, नाहीतर वाचणाऱ्याला दरवाजा कळायचा नाही." तर त्यांचं नाव इथं जगदाळे. पाय डावाच.

आता माझा धंदा सांगते. लग्नाकार्यात कुणी विचारलं की "मी गाड्यांच्या डिझाइनमध्ये होते" एवढंच सांगायची. ऐकणाऱ्याला वाटे, गाड्यांच्या मोठ्या कंपनीत असेल. प्रत्यक्षात मी ट्रकना कपडे शिवायची. कारखान्यातून पिकअप ट्रक निघतो तो सरकारी कारकुनासारखा दिसतो: उंच, सरळ, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला. काही लोकांना मात्र तो पैलवान दिसायला हवा असतो. मग एक मिस्त्री इंजिन दमदार करतो, दुसरा मागच्या कमानी बदलून गाडी खाली बसवतो, आणि बाहेरचं सगळं, म्हणजे भुवया, ओठ, दरवाज्याखालची पट्टी, मागचा पंख, हे माझ्याकडे. त्या पट्टीला धंद्यात 'स्कर्ट' म्हणतात. पहिल्या दिवशी मालक चारचौघांत म्हणाले, "दीदी, स्कर्ट थोडा नीचे कीजिए," तेव्हा मी साडीच्या निऱ्या सावरल्या होत्या.

मी पेणची. वडील गणपती करायचे. मातीत वाढले, मुंबईला शिल्पकला शिकले, लग्न करून दिल्लीला आले आणि पोरांना चित्रकला शिकवण्यात बरीच वर्षं घालवली. मग एकदा आमच्या मंडळासाठी फायबरचं मखर करून घ्यायला बग्गा साहेबांच्या शेडमध्ये गेले. ते तेव्हा बागेतल्या घसरगुंड्या, ढाब्यापुढचे हात जोडलेले सरदारजी आणि बसचे बंपर बनवत. मखर करणाऱ्याचा हात बघून मला राहवेना. मीच माती घेतली आणि कोपऱ्यातली वेल करून दाखवली. बग्गा साहेब म्हणाले, "दीदी, कल से आ जाइए." गेले, ती गुडघे बोलायला लागेपर्यंत जात राहिले.

कामाची रीत अशी. गाडीला आधी सगळीकडून चिकटपट्टी लावायची, वर फोम, फोमवर माती. ही माती गणपतीची नव्हे. ही तेलकट, ओव्हनमध्ये तापवून लावायची, गार झाली की साबणासारखी कापता येते. गाडीची एकच बाजू मातीत करायची आणि दुसरी तिच्यावरून उलटी उतरवायची. मग मातीवर साचा, साच्यात काचेचं कापड आणि रेझिन, आणि ते वाळलं की घासणं. घासणं हे खरं काम. घरी आले की माझी भुवई पांढरी बघून आमचे हे म्हणायचे, "आलीस का पिठाच्या गिरणीतून?"

माझी खासियत होती गाडीचा चेहरा. वडील गणपतीचे डोळे स्वतः आखायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. दिव्यावरची भुवई हा माझा डोळा. ती बोटभर खाली घेतली की ट्रक रागावतो, वर उचलली की भोळा दिसतो. आणि गिऱ्हाइकं सगळी एकजात राग मागणारी. "मॅडम, गुस्सा चाहिए." "मॅडम, आगे वाला साइड दे दे, ऐसा फेस." सोनिपतच्या एका पहिलवानाने तर आरशात स्वतः रागावून दाखवलं आणि म्हणाला, "ये वाला." केला. पुढच्या महिन्यात तो परत आला. बायको म्हणते, घरात एक पुरे आहे. भुवई उचलून दिली.

दुसऱ्या एकाचा ओठ मी इतका खाली नेला की शेडच्या फाटकाबाहेरच्या पहिल्याच गतिरोधकावर तो गळून पडला. गिऱ्हाईक भांडायला मागे वळलं तर मी म्हणाले, "रास्ता खराब है." माझ्या कामाचं काही चुकू शकतं, ही कल्पनाच मला सुचत नसे. काय करणार, तेव्हा मी जेमतेम पंचावन्न वर्षांची होते. अक्कल यायची होती.

त्याच काळात जगदाळे आले. दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये त्यांच्या पत्नी मंदाताई नोकरीला होत्या, म्हणून निवृत्तीनंतरही इथंच राहिलेले. फौजेत ड्रायव्हर. डोंगरातल्या उतारावर त्यांचाच ट्रक कलंडला आणि डावा पाय मांडीपासून गेला. आता कृत्रिम पाय होता, काठी होती, आणि जीभ अशी की काठीची गरज भासू नये.

"बाई, तुम्ही मराठी, म्हणून लपवाछपवी नाही," ते खुर्चीत बसत म्हणाले. "उजव्या दरवाज्यानं चढताना आधी कुठला पाय वर जातो?"

मी हवेत चढून बघितलं. "डावा."

"तोच नाही. उजव्यानं ब्रेक दाबीन, गिअर आपोआप पडणारी गाडी घेतली आहे, परवानगीचे कागद सगळे केलेत. चालवायची अडचण नाही. चढायची आहे. मला दोघं धरून वर ठेवतात. गॅसचा सिलिंडर ठेवतात ना, तसं."

मंदाताई बाजूला उभ्या होत्या. म्हणाल्या, "सिलिंडर निदान शिव्या देत नाही."

मग त्यांनी खरं कारण सांगितलं. दर संक्रांतीला त्यांच्या पलटणीतले दिल्लीत असलेले जुने लोक पानिपतला काला अंबला, तिसऱ्या लढाईच्या स्मारकावर जातात. जगदाळ्यांचा तिथं जाण्याचा नेम पाय जाण्याच्याही आधीचा. अपघातानंतरही ते जात होते, पण पोचल्याबरोबर दोन मित्र धावत यायचे आणि बखोटीला धरून त्यांना उतरवायचे, सगळ्यांसमोर. मित्रांचं प्रेमच ते. मागच्या वर्षी जगदाळे ताप आल्याचं सांगून घरी बसले.

"ताप नव्हता," मंदाताई म्हणाल्या. "दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडले होते."

"हे सांगायची गरज होती का?"

"होती."

जगदाळे माझ्याकडे वळले. "मला गाडी इतकी खाली पाहिजे की मी आपला आपण बसेन. पण अपंगाची गाडी दिसायला नको. लोकांना वाटायला पाहिजे, म्हाताऱ्याला चळ लागलाय. आवाज पाहिजे, रंग पाहिजे, सगळं पाहिजे. लोकांनी गाडीकडे बघावं, माझ्याकडे नको. संक्रांतीला मी एकटा जाणार आणि एकटा उतरणार. नाही जमलं तर काला अंब संपलं माझ्यापुरतं."

"रंग कुठला?" मी विचारलं.

"पोपटी."

मला काळजातून कळ आली. माझ्या डोक्यात राखाडी होता, ढगासारखा. कलावंत ना मी. पण माणूस ठाम होता.

इतकं समजावून सांगितलेलं काम मला पूर्वी कुणी दिलं नव्हतं, आणि इतकं समजून घेतल्याचा तोराही मला पूर्वी कधी चढला नव्हता. मिस्त्रीने कमानी बदलून गाडी अशी बसवली की सीट जगदाळ्यांच्या मांडीखाली बरोबर यावी. माझं चढण्याचं कोडं तिथंच सुटलं, असं मी ठरवून टाकलं. आता राहिलं लोकांना गाडीकडे बघायला लावणं. ते तर माझ्या हातचं.

मी चाकांवरच्या भुवया केल्या रुंद, ओठ केला लांब, आणि दरवाज्याखालचा स्कर्ट चाकापासून चाकापर्यंत असा बाहेर काढला की नदीच्या काठासारखा वाहत जावा. रोज दहा पावलं मागे जाऊन बघायची. वडिलांची शिकवण: मूर्ती लांबून बघावी. आमचा फायबरचा मिस्त्री इरफान एकदा म्हणाला, "दीदी, अंदर बैठ के भी देख लो." मी म्हटलं, "अंदर से कौन देखता है?" हे वाक्य नंतर इरफानने कितीतरी वर्षं जपून ठेवलं आणि योग्य वेळी मला ऐकवत राहिला.

संक्रांत जवळ आली. दिल्लीत धुकं उतरलं. जगदाळे बसून बघायला आले.

पोपटी ट्रक बघून त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. मंदाताई म्हणाल्या, "अगबाई, हा तर रात्री पण दिसेल." मग ते दरवाज्याशी गेले. त्यांची पद्धत अशी: गाडीकडे पाठ करायची, मागे सरकून आधी सीटवर बसायचं, मग डाव्या हाताने कृत्रिम पाय उचलून आत घ्यायचा, शेवटी उजवा. त्यांनी पाठ केली. मागे सरकले. स्कर्टला पोटरी टेकली आणि थांबले. सीट अजून हातभर मागेच होती. माझा तो नदीचा काठ मध्ये होता.

"बसा ना," मी म्हणाले. किती हौशीने म्हणाले.

ते बसले. सीटवर पोचलेच नाहीत. बसले ते स्कर्टच्या काठावर, आणि फायबर कडकन मोडलं. बग्गा साहेब आणि इरफान दोघं धावले. त्यांनी जगदाळ्यांना दोन्ही बखोट्यांना धरून उभं केलं. नेमकं जे त्यांना नको होतं ते.

जगदाळ्यांनी मोडलेला तुकडा काठीने सरळ केला आणि म्हणाले, "ताई, गाडी फार देखणी झाली आहे. दारात उभी करून ठेवीन."

मंदाताई त्यांच्यामागून रिक्षाकडे गेल्या. जाताना माझा हात दाबून हळूच म्हणाल्या, "टॅक्सीने नेईन मी त्यांना पानिपतला. पण ते यायचे नाहीत."

मी त्या स्कर्टजवळ स्टूल घेऊन बसले. आयुष्यभराची शिल्पकला, आणि मला काय उमगलं? गणपतीच्या आत कुणी बसत नाही. तो समोरून बघायचा असतो, हात जोडायचे असतात, झालं. मी ट्रकचा गणपती केला होता. ट्रकची मापं घेतली, माणसाचं एकही नाही. हे पेणच्या मुलीलाच जमावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओढणीने माझा डावा पाय बांधला, इरफानची काठी घेतली आणि ट्रकला पाठ करून बसायला लागले. पहिल्यांदा जमिनीवर बसले. दुसऱ्यांदाही. बग्गा साहेब हिशेब सोडून बाहेर आले.

"दीदी, ये कौन सा योगा है?"

"बैठना सीख रही हूँ."

"इस उमर में?"

"पहले किसी ने सिखाया नहीं."

इरफान शेजारी उकिडवा बसून बघत होता, पण हसत नव्हता. थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं की मागे जाताना माझा उजवा हात प्रत्येक वेळी दरवाज्याच्या मागे काहीतरी शोधतो आहे. तिथं पत्रा सपाट. धरायला काही नाही. आणि माझी उजवी टाच स्कर्टच्या जितकी आत जाईल तितकं बूड सीटच्या जवळ. या दोन गोष्टी. बाकी माझ्या नदीचा काहीच उपयोग नव्हता.

मग मी ग्राइंडर घेतला आणि माझंच काम कापलं. चाकांवरच्या भुवया रुंदच ठेवल्या, कारण डोळे तिथं जायला हवेत. पण दोन्ही भुवयांच्या मधे, दरवाज्याखाली, स्कर्ट गाडीच्या पोटात घेतला, पाऊल पूर्ण आत जाईल इतका. मातीत तो घडवताना हाताला कळलं की ही तर कंबर झाली. दरवाज्याच्या मागे, मागच्या भुवईच्या तोंडाशी, हवा जायला असते तशी एक तिरपी खाच केली. खाचेच्या आत इरफानने लोखंडी पाइप चेसीसला पक्का जोडला. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, वेगात ब्रेक थंड ठेवायची सोय आहे. आत हात घातला की मूठ बसते. डाव्या बाजूलाही तश्शीच खाच, नुसती शोभेची, पाइपाशिवाय, नाहीतर कुणालाही संशय आला असता.

थंडीत रेझिन वाळता वाळत नाही. आम्ही स्कर्टला गोधड्या पांघरल्या आणि भोवती मोठे दिवे लावले. बग्गा साहेब विजेच्या मीटरकडे बघून म्हणायचे, "इतना तो मैंने अपनी बेटी की शादी में नहीं जलाया."

संक्रांतीच्या आदल्या दिवशी जगदाळ्यांना बोलावलं. यायला तयार नव्हते, मंदाताईंनी आणलं. मी सगळ्यांना शेडबाहेर काढलं आणि स्वतःही बाहेर गेले. मला बघायचं होतं, पण म्हटलं, हा माणूस परत पडला तर निदान कुणी बघायला नको. आम्ही धुक्यात चहा घेत उभे. आतून काठी पडल्याचा आवाज आला. मंदाताई दाराकडे निघाल्या, मी त्यांचा पदर धरला. काही वेळ काहीच नाही. मग इंजिन सुरू झालं. असा आवाज की शेजारच्या गोदामातली कबुतरं उडाली. बग्गा साहेब हातातला चहा सांडत म्हणाले, "लो जी, हो गया."

संक्रांतीला मी मंदाताईंबरोबर कॅन्टोन्मेंटच्या बसने पानिपतला गेले. जगदाळे एकटे, मागून. काला अंबला मराठी माणसांची गर्दी होती. भगवे झेंडे, फौजी कुटुंबं, आणि दिल्लीत यूपीएससीचा अभ्यास करणारी आपल्या गावाकडची पोरं, झोप न झालेल्या डोळ्यांची. जगदाळ्यांचे ते दोन मित्र फाटकाशीच उभे, बाह्या सावरून.

आधी आवाज आला. मग धुक्यातून पोपटी रंग आला. सगळ्या झेंड्यांवर एकट्याने मात करणारा. मी मनातल्या मनात राखाडीला रामराम केला.

पोरं धावली. कुणी भुवईशी फोटो काढतंय, कुणी ओठाखाली वाकून बघतंय. एकजण ओरडला, "भावा, हे कुणी बनवलं असेल?" आता हे ऐकून मी गप्प बसणार? मी पदर खोचून पुढे झाले. त्यांना दिव्यावरची भुवई दाखवली, ती बोटभर खाली का हे सांगितलं, गणपतीच्या डोळ्यांपर्यंत पोचले. ओठाला उजवीकडे एक ओरखडा दिसला तशी मी खाली बसून तो थुंकीने पुसायला लागले. ते दोन मित्रही तिथंच वाकलेले, एक दुसऱ्याला म्हणत होता, "जगदाळ्या म्हातारपणी पार बिघडला की."

"कोण बिघडला?"

आम्ही मागे वळलो. जगदाळे आमच्या मागे उभे होते. टोपी सरळ, काठी हातात, दरवाजा बंद. मित्रांचे धरायला पुढे येणारे हात अर्ध्यावर राहिले, मग त्यांनी ते रामरामासाठी वापरले.

मी मंदाताईंना गाठलं. "अहो, उतरताना पाहिलंत का? कसे उतरले?"

त्या तिळगुळाचा डबा छातीशी धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "नाही हो. मी पण दिवेच बघत होते."

एवढ्या वर्षांत नवऱ्याचं उतरणं त्यांच्या नजरेतून सुटण्याची ही पहिलीच वेळ.

पुढे त्या ट्रकचे फोटो फिरले आणि शेडमध्ये रांग लागली. "मॅडम, वो कमर वाला किट." रागाची मागणी मागे पडली. बग्गा साहेब खूश, मी थोडी खट्टू. माझ्या भुवयांना कुणी विचारेना. हौशी पोरांनी ती कंबर आणि ती खाच नोएडापासून मानेसरपर्यंत नेली. कुणाच्याच खाचेत पाइप नाही. ट्रक खाली उभा असतो, वेगाने पळतो, पण धरायला आत काही नसतं. गुडगावच्या त्या पोराला विचारावंसं वाटलं, बाळा, हात घालून बघितलास का? मग म्हटलं, जाऊ दे. जपान तर जपान.

त्या संक्रांतीच्या संध्याकाळी परत निघायच्या वेळी मात्र मी ठरवलं होतं: चढताना बघायचंच. काम माझं, परीक्षा माझी. मी दरवाज्यापाशी जाऊन हाताची घडी घालून उभी राहिले. जगदाळे आले. माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं.

"ताई, मागचा डावा दिवा जरा बघता का? लागत नाहीसं वाटतंय."

मी लगबगीने मागे गेले. वाकून बघितलं. दिवा व्यवस्थित लागला होता. मी वर बघेपर्यंत दरवाजा बंद झाला होता, आणि खिडकीतून एक हात मला तिळगूळ देत होता.